पालखीचे सहा गडी: रंगकामाच्या नोंदी

२३ मार्च २०२५

शिमग्याची पालखी अंगणात नाचून गेली त्याला आठवडा होत आला, पण मृदुंग अजून कानातून गेलेला नाही. काका यंदा पडवीत खुर्चीवर बसून होते. सतरा शिमगे त्यांनी संकासुर केला, म्हणजे पालखीपुढचं काळ्या झग्याचं, पांढऱ्या दाढीचं सोंग. आता गुडघे चालत नाहीत. पालखी पुढच्या घराकडे वळली तरी ते पाखाडीकडे बघत बसले होते. त्याच रात्री मी कपाटातला बाहुल्यांचा डबा खाली काढला.

सहा बाहुल्या आहेत. परदेशी बनावटीचे सैनिक, पावणेचार इंची, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर उंच. माणसाच्या एक अठरांश मापाचे. आतेभावाने चोरबाजारातून पिशवीभर आणले होते, त्यातले हे धड राहिलेले. यांतून संकासुर, गोमू (बाईचं सोंग), मृदुंगवाला, पालखी नाचवणारे दोघे आणि निशाण धरणारा एक उभा करायचा. मुदत गणपतीपर्यंत. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, तेव्हा मुंबईची सगळी घरी असतील.

गुहागर तालुक्यात शृंगारतळीला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे भिंगाचा दिवा, चिमटे, गरम हवेची गन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हाताशी आहे. नसेल ती सवड. म्हणून रविवार धरून चालायचं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर सहाही बाहुल्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासल्या. साच्यातून सुटावी म्हणून कारखान्यात बाहुलीला तेलकट थर लागलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पुढे रंग पोपड्यासारखा सुटतो तो त्याच्यामुळे. सैनिकांचे जुने रंग अल्कोहोलच्या बोळ्याने उतरवले. ॲसिटोन दुकानात असूनही हात लावला नाही. धड एबीएस या कडक प्लास्टिकचं आहे आणि एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं.

डोकी आणि पंजे मात्र मऊ पीव्हीसीचे आहेत. इथे मी एकदा ठेच खाल्ली आहे. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या बाहुलीचे हात मी दाराखिडक्यांना लावतात त्या ऑइलपेंटने रंगवले. दिसायला झकास झाले होते. आजही ते हात चिकट आहेत, बोट लावलं की ठसा उमटतो आणि वर्षाची धूळ त्यावर बसली आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. तो हळूहळू वर येतो, ऑइलपेंटच्या थरात शिरतो आणि त्याला कधी वाळू देत नाही. वाट बघून ते सुधारत नाही. म्हणून यावेळी मऊ भागावर पाण्याचे ॲक्रिलिकच. स्प्रेचे डबेही थेट पीव्हीसीवर नाहीत.

संध्याकाळी एम-सील मळून संकासुराची टोपी आणि दाढी केली. दाढीत सुईने केस ओढले. ओल्या बोटाने एम-सील गुळगुळीत होतं, पण घाई करावी लागते. अर्ध्या तासात ते हट्टाला पेटतं.

६ एप्रिल

आजचा सगळा दिवस फक्त रंगांच्या चाचणीत गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. फुटलेल्या फोनच्या मागच्या पाट्या दुकानात ढिगाने पडलेल्या असतात. काळ्या पाट्यांवर पांढऱ्याच्या पट्ट्या ओढल्या, पांढऱ्यांवर पिवळ्याच्या आणि लालच्या.

हस्तकलेच्या बाटलीतला स्वस्त पांढरा चार हात देऊनही खालचा काळा दाखवत राहिला. पाचव्या हाताला झाकला, पण तोवर थर इतका जाड झाला की बाहुलीची नखं त्यात बुडाली असती. त्यात रंगद्रव्य कमी आणि भरणा जास्त. कॅमलच्या चित्रकारांसाठीच्या ट्यूबमधला पांढरा तीन हातांत बसला. ड्रॉपरच्या बाटल्यांत मिळणारा, बाहुल्यांसाठीच बनवलेला वायेहो कंपनीचा पांढरा दोन ते तीन हातांत, आणि ब्रशची एकही रेघ राहिली नाही. त्यात रंगद्रव्य फार बारीक दळलेलं असतं. ट्यूबचा रंग मुळात कॅनव्हाससाठी, लोण्यासारखा घट्ट. तो पातळ करताना नुसतं पाणी घातलं तर सुकल्यावर भुकटी हाताला लागते, कारण रंग धरून ठेवणारा चिकटाच विरळ होतो. थोडं ॲक्रिलिक मीडियम आणि थोडं पाणी, दोन्ही घातलं की ट्यूबही छान चालते. मी तर मोठे भाग ट्यूबनेच करणार आहे. कॅमल हा दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेला घरचा माल आहे, आणि शाळेच्या कंपासपेटीपासून हातात आहे. चेहरे, दाढी, काठ एवढ्यासाठी ड्रॉपरच्या बाटल्या.

ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते वाचायची सवय लावून घ्यावी. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा, तो झाकतो. पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक, तो पारदर्शकाकडे झुकतो. शेजारी छोटा चौकोन असतो: रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर झाकणारा, अर्धा असेल तर अधलामधला. पिवळे आणि लाल बहुतेक रिकाम्या किंवा अर्ध्या चौकोनाचे. “लाल बसतच नाही” अशी तक्रार असते तेव्हा दोष हाताचा नसतो, खालच्या रंगाचा असतो. पांढऱ्या पाटीवर लाल फिका गुलाबी दिसला, करड्यावर मेल्यासारखा, विटकरी तपकिरीवर मात्र दोन हातांत भरून आला.

सगळ्या पट्ट्या उद्या नखाने खरवडून आणि सेलोटेप लावून ओढून बघायच्या.

७ एप्रिल

दुकान उघडण्याआधी टेप ओढली. अस्तर, म्हणजे रंगाखालचा प्रायमरचा थर, न लावलेल्या पाटीवरून प्रत्येक रंग टेपबरोबर आला, महाग आणि स्वस्त दोन्ही. अस्तरावरचा एकही नाही. यापुढे अस्तराबद्दल मी कुणाशी वाद घालणार नाही.

१३ एप्रिल

अस्तर. ब्रशने लावायचं करडं पॉलियुरेथेनचं प्रायमर आणलं आहे, मऊ पीव्हीसीलाही चालणारं. सकाळी सातला बसलो. आमचं घर समुद्रापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. दुपारनंतर खारा वारा सुटला की खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं तरी मीठ लागतं. तेच मीठ उघड्या बाहुलीवर बसतं, पुढे ओल ओढून घेतं आणि थर आतून सैल करतं. म्हणून लावण्यापूर्वी सहाही पुन्हा साध्या पाण्यात बुडवून, पुसून, पंख्याखाली सुकवल्या. लावून झाल्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.

एप्रिलच्या उन्हात आणखी एक अडचण. रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो आणि दुसऱ्या ओढीला गुठळी सोडतो. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग. कागदातून ओल वर येत राहते आणि रंग तासन्‌तास ओला राहतो.

अस्तर म्हटलं की मला सावंतवाडीच्या गंजिफाची आठवण होते. राजवाड्यात मी ते काम बसून बघितलं आहे. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते. जुन्या पद्धतीत कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर चढवून आधी ती जमीन घोटून गुळगुळीत करतात आणि मगच चित्राला हात घालतात. चितारी माणूस जमिनीवर जेवढा वेळ घालवतो तेवढा रंगावर घालवत नाही. माझी जमीन साडेनऊ सेंटिमीटरची आहे एवढाच फरक. आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने साच्याच्या शिवणी आज पुन्हा घासल्या. करडं अस्तर बसलं की त्या चोरासारख्या उघड्या पडतात.

२० एप्रिल

कातडीचा रंग. बाटलीवर “कातडी” म्हणून जो रंग मिळतो तो गुलाबी आहे, तो आपल्या माणसांचा नाही. बर्न्ट सिएना, यलो ऑकर, थोडा पांढरा आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा अल्ट्रामरीन निळा. यातून आमच्या वाडीतले सगळे चेहरे निघतात, फक्त प्रमाण बदलायचं. सावलीसाठी काळा घालू नये. काळा आणि ऑकर मिळून शेवाळी हिरवट छटा येते आणि माणूस आजारी दिसतो. सावलीला बर्न्ट अंबर आणि तोच निळा.

ॲक्रिलिक ओला असताना फिका दिसतो. त्यातला चिकटा दुधी असतो, सुकला की काचेसारखा होतो आणि रंग एक पायरी गडद बसतो. त्यामुळे प्रत्येक मिश्रणाचा ठिपका पाटीवर सुकवून बघितला. दुकानातला एलईडी दिवा निळसर आहे. त्याखाली छान वाटलेलं मिश्रण पडवीत नेलं तर मातकट निघालं. आता मिश्रण खिडकीशी, बारीक काम दिव्याखाली.

पालखी नाचवणाऱ्याचं कपाळ टोपीखाली उजळ आणि नाक-गाल उन्हाने रापलेले. टोपीच्या कडेपासून अर्धा मिलिमीटर पट्टा फिकट ठेवला. एवढ्याने तो माणूस शेतातून आलेला वाटायला लागला. मला ही गोष्ट संध्याकाळभर पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघावीशी वाटली.

२७ एप्रिल

लेंगे, सदरे, टोप्या. पांढऱ्याने पांढरं रंगवलं की खडूचा तुकडा दिसतो. आधी फिका राखी, त्यात किंचित निळा. आपल्याकडे पांढऱ्या कपड्याला नीळ देतात, त्यामुळे चुणीतली सावली निळसर असते, पिवळट नाही. मग चुण्यांच्या पाठीवर राखीत पांढरा वाढवत तीन हात. निखळ टायटॅनियम फक्त कडांवर, खांद्यावर, टोपीच्या टोकावर. रंग दुधाइतका पातळ. ब्रश बुडवून आधी फडक्यावर टेकवायचा, नाहीतर पहिल्याच ओढीला चुणीत डबकं साचतं आणि सुकताना कडेने रेघ सोडतं.

ब्रशबद्दल एक. नंबरच्या मागे लागू नये. ट्रिपल झीरो या अगदी बारीक ब्रशच्या पोटात रंगच मावत नाही, डोळ्याशी पोचेपर्यंत सुकतो. एक नंबरचा, पण टोकाला एक केस उरेल असा ब्रश जास्त कामाचा. मी सिंथेटिक वापरतो. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजून कुठे कुठे लपूनछपून विकतात. तो धंदा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि एका ब्रशसाठी मुंगूस मारणं मला सोसणारं नाही.

४ मे

संकासुराचा झगा. काळा, पीबीके ७, म्हणजे काजळीचा काळा. दोन हात दिले, चुण्यांवर निळसर राखीच्या रेघा काढल्या आणि ट्यूबच्या रंगाची स्वतःची जी तकाकी असते ती तशीच ठेवली. मला आवडला होता. काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर सरकवून, उजेडाकडे धरून बघितला.

“ह्यो झगा हाय की छत्री?”

मी विचारलं, “काय चुकलंय, काका?”

“अरे, झगा कापडाचा असतो. शिमग्याचं ऊन, घाम, धूळ. काळा कुठं ऱ्हातो तो? खांद्यावर तांबूस होतो.”

बरोबर होतं त्यांचं. सुती काळं कापड उजेड पिऊन टाकतं. चमक आली की डोळ्याला ते रबर वाटतं, मेणकापड वाटतं, छत्री वाटते. रंग कोणता, यापेक्षा त्यावरून उजेड कसा परततो याने पदार्थ ओळखू येतो. आपण रंगाच्या छटेवर दिवस घालवतो आणि तकाकी मात्र बाटलीत जी येईल ती घेतो.

११ मे

झग्याचा दुसरा प्रयत्न, आणि मला वाटतं या सगळ्या कामातला सगळ्यात शिकवणारा रविवार.

एकाच काळ्याच्या चार पट्ट्या पाटीवर ओढल्या आणि वरून वेगवेगळं वार्निश दिलं: चकचकीत, अर्धमंद, मंद, आणि चौथी उघडी. चकचकीत वार्निशखाली काळा विहिरीसारखा खोल झाला. मंद वार्निशखाली तोच काळा राखी. मंद वार्निशमध्ये सिलिकाचे बारीक कण असतात. ते पृष्ठभाग खडबडीत करून उजेड चहूकडे विखरतात, आणि त्या विखुरलेल्या उजेडाने काळा फिका पडतो. म्हणजे झगा वार्निशआधी जेवढा काळा हवा वाटतो त्याहून गडद रंगवायला हवा, आणि चुणीवरच्या रेघा वाटतात त्याहून पुसट. वार्निश त्या उरलेल्या पायऱ्या स्वतःच चढतं.

बाटली हलवण्याबद्दलही कळलं. सिलिका तळाशी बसते. न हलवता वरचं घेतलं तर “मंद” लिहिलेल्या बाटलीतून चमक येते आणि तळातलं घेतलं तर पांढुरकी पूड. दोन मिनिटं घड्याळ लावून हलवली.

झग्याचा पाया आता काजळी काळ्यात थोडा बर्न्ट अंबर. खांदे आणि पाठीवर तपकिरी काळा, अगदी पुसट. कडेला धुळीचा ऑकर, ब्रश जवळजवळ कोरडा करून. दाढी मात्र पांढरी शुभ्र. ती सुईने ओढलेल्या केसांवरून आडव्या ब्रशने घासत नेली म्हणजे टोकांवरच पांढरा बसतो. काकांनी बघितला. काही बोलले नाहीत, पण बाहुली परत देताना तिच्या टोपीवरून अंगठा फिरवला.

१८ मे

गोमूची नऊवारी. विटकरी तपकिरीवर लाल, दोन हात, चाचणीत दिसलं तसंच. साडी रेशमासारखी दिसायला हवी. रेशमाची चमक सगळीकडे सारखी नसते, चुणीच्या पाठीवर एकच धारदार रेघ उजळते आणि लगेच गडद होते. सुती कापडावर उजेड पसरतो, रेशमावर तो तुटतो. म्हणून रेघा बारीक, मधला उतार कमी. वर अर्धमंद वार्निश.

काठाचा सोनेरी शेवटी. सोनेरी रंगात अभ्रकाचे किंवा धातूचे पातळ पत्रे असतात आणि मंद वार्निश त्यांच्यावर बसलं की सोनं जाऊन पिवळी माती उरते. आधी सगळ्या कपड्यांचं वार्निश, मग सोनेरी, मग त्यावर फक्त चकचकीत. सोनेरी वर्ख लावायचा मोह झाला होता. बाजारात मिळतो तो बहुतेक पितळी असतो आणि आमच्या खाऱ्या हवेत तो उघडा ठेवला तर काळा पडणार. रंगच बरा.

२५ मे

आज लिहायला बसवत नाही, पण लिहायला हवं.

गेले चार-पाच दिवस पाऊस कोसळतो आहे. काल मान्सून केरळात आला आणि आज देवगडपर्यंत. मे संपायच्या आत. मी हिशेब जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा धरला होता आणि मंद वार्निश तोवर उरकायचं होतं. काल दुपारी दोन तास उघाड मिळाली. ब्रशने एकेक बाहुली करायला वेळ लागतो म्हणून मी स्प्रेचं मंद वार्निश काढलं. संकासुर, निशाणवाला आणि एक पालखीवाला पडवीत टांगले आणि मारलं. दहा मिनिटांत संकासुर पांढरा झाला. काळ्या झग्यावर दुधाची साय धरल्यासारखा थर. पांढऱ्या सदऱ्यांवर ते कळत नाही, पण निशाणवाल्याचा चेहरा धुक्यात गेल्यासारखा दिसतो.

दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र दुकानातून आणून ठेवलं आहे. ९१ टक्के. ते मी मारण्यापूर्वी बघितलं नाही.

कारण सरळ आहे. स्प्रेतलं द्रावण झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. हवा ओलीने भरलेली असेल तर त्या थंड पृष्ठभागावर दव धरतं, थेट ओल्या वार्निशच्या आत. ते पाणी अडकून जी सूक्ष्म भोकं राहतात त्यांनी उजेड विखुरतो आणि पांढरं दिसतं. रंग खराब झालेला नाही, तो त्याखाली शाबूत आहे. हे मला माहीत होतं. तरीही उघाड बघून हात शिवशिवले.

काकांना दाखवला नाही.

१ जून

आठवडाभर काहीच केलं नाही आणि तेच योग्य होतं. खरवडायला गेलो असतो तर रंगही गेला असता.

थर्मोकोलच्या खोक्यात वाळवणपेटी केली आहे. मोबाइलच्या सुट्या भागांबरोबर सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या वर्षभराच्या साठवल्या होत्या. पेटीत यंत्र ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ५२ टक्के. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात तेव्हा तापवून पुन्हा निळे करता येतात, पण त्यासाठी स्वयंपाकाचा तवा वापरू नये. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं विषारी क्षार असतं. मी जुना पत्रा ठेवला आहे.

१५ जून

संकासुर दोन आठवडे पेटीत होता. आज झग्याच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, चकचकीत पाण्याचं वार्निश ब्रशने लावून बघितलं. लावल्याबरोबर पांढरं नाहीसं झालं आणि खालचा तांबूस काळा वर आला. चकचकीत वार्निश त्या सूक्ष्म भोकांत शिरतं, ती भरून काढतं, मग विखरायला काही उरत नाही. अख्खा झगा केला. पुन्हा छत्री झाली, पण ती छत्री चालेल. ती पेटीत चार दिवस सुकवायची आणि वर मंद वार्निश, ब्रशने, दोन पातळ हात.

दाढीच्या केसांत एक थर जास्त बसला. सुईच्या रेघा थोड्या बुजल्या आहेत. तेवढं नुकसान राहणार.

पावसाळ्यात स्प्रे बंद. यंत्रावर ६५ च्या खाली आकडा असेल तरच डबा उचलायचा, आणि आमच्याकडे तो आता दसऱ्याशिवाय दिसायचा नाही.

६ जुलै

ओल्या स्पंजाच्या डब्यात बुरशी. कागदाखाली काळे ठिपके आणि कुबट वास, मिसळून ठेवलेली कातडीची छटा फेकावी लागली. स्पंज उकळून घेतला. पावसात तशीही ओलीची गरज नाही, साध्या टाइलवर रंग घेतला तरी पुरतो. लावणी सुरू आहे, दुकानातही चार्जिंगच्या ओल्या फोनांची रांग. बाकी काही नाही.

२० जुलै

पालखी. सागाच्या चिपा आणि बांबूची काडी. आतलं देवीचं रूपं, म्हणजे मुखवटा, एम-सीलचं, अंगठ्याच्या नखाएवढं. खरं रूपं चांदीचं असतं, तेव्हा मला चांदीच हवी होती, राखी चकाकी नको होती.

आधी चकचकीत काळा. त्याला दोन दिवस दिले, बोटाला आरशासारखा गुळगुळीत लागेपर्यंत. त्यावर ॲल्युमिनियमच्या कणांचा चांदी रंग, इतका पातळ की पहिल्या हाताला काळा दिसतच होता. तिसऱ्याला झळाळी आली. खडबडीत अस्तरावर हाच रंग मारून बघितला होता, तो पत्र्याच्या बादलीसारखा दिसला. धातूचे पत्रे सपाट जमिनीवर आडवे पडले तरच आरसा होतात.

मग काळसर तपकिरी पाण्यासारखा पातळ करून डोळ्यांच्या, ओठांच्या, मुकुटाच्या खाचांत सोडला. चकचकीत जमिनीवर तो आपोआप खाचेत धावतो आणि उंचवटे मोकळे सोडतो. मंद जमिनीवर तिथल्या तिथे डाग धरतो. वर वार्निश नाही. आई बघून गेली आणि जाताना तिने दोन्ही हात जोडले, एवढ्याशा एम-सीलला.

३ ऑगस्ट

वाडीतल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, तीन संध्याकाळी बसलो. तिथे आता आखणी, म्हणजे डोळे रेखणं, सुरू आहे. आखणी करणारे आजोबा डोळा काढताना दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवतात आणि कोपर मांडीवर. मी आजवर हवेत हात धरून डोळे काढत होतो. आधी वरच्या पापणीची रेघ, एका श्वासात. मग बुबुळ, आणि ते वरच्या पापणीला टेकलेलं. सगळीकडून पांढरं सुटलं की नजर घाबरलेली दिसते. “डोळा काढायचा न्हाय, पापणी काढायची. डोळा आपला आपण येतो,” असं ते म्हणाले.

घरी येऊन सहा जणांचे बारा डोळे. पांढऱ्याऐवजी फिकट पिवळसर राखी, पापणीला काळा नव्हे तर गडद तपकिरी. तीन चेहरे पुसून पुन्हा केले. वार्निश झालेल्या चेहऱ्यावर चुकलेला डोळा ओल्या ब्रशने लगेच उचलता येतो, खालची कातडी हलत नाही. ही वार्निश आधी करून ठेवल्याची मोठी सोय. शेवटी प्रत्येक बुबुळावर चकचकीत वार्निशचा एक ठिपका. नजर ओली झाली. संकासुर बघतो आहे असं वाटायला लागलं.

१७ ऑगस्ट

एकाच माणसावर किती तकाक्या आहेत ते आज मृदुंगवाल्यावर मोजलं. सदरा पूर्ण मंद. कातडी अर्धमंद, आणि कपाळ, नाक, गळा इथे किंचित जास्त, कारण तो नाचतो आहे आणि घामाने भिजला आहे. मृदुंगाचं खोड अर्धमंद, चामडं मंद, चामड्यावरची शाई त्याहून मंद, डोळे चकचकीत. सहा ठिकाणी सहा वेगळे हात. अख्ख्या बाहुलीवर एकच वार्निश मारलं असतं तर वीस मिनिटांत झालं असतं आणि ती बाहुलीच राहिली असती.

पालखीवाल्यांचे पंजे दांड्याला अजून टेकवलेले नाहीत. ॲक्रिलिक हाताला अर्ध्या तासात कोरडा लागतो, पण पुरता घट्ट व्हायला आठवडे जातात, आणि या हवेत जास्तच. लवकर टेकवले तर रंगाला रंग चिकटून बसेल आणि सोडवताना दोन्हीकडचा निघेल. त्याच कारणाने वर्तमानपत्रात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे नाहीत.

२६ ऑगस्ट, हरतालिका

पालखी खांद्यावर चढली. संकासुराच्या कमरेला घुंगरं: मोबाइलच्या स्पीकरमधल्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, सोनेरी रंगवून. मुंबईची गाडी पहाटे पोचते.

काकांच्या खाटेशेजारच्या फळीवर सगळे मांडले. त्यांनी संकासुर उचलला आणि उजेडाकडे धरला, मे महिन्यात धरला होता तसाच. झग्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “उजवा पाय पुढं घे. संकासुर उजव्या पायानं उडी घेतो.”

गरम हवेची गन दुकानात आहे. गरम पाण्यात पाय बुडवून सांधा मऊ केला आणि वळवला.

३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले, आज घर रिकामं. पुतण्यांनी सात दिवस पालखी नाचवली आणि मी नको म्हटलं नाही. पाहणी अशी: संकासुराचा उजवा गुडघा आतून घासला, रंग अस्तरापर्यंत गेला. निशाणवाल्याचं कोपरही तसंच. दोन्ही ठिकाणी मी सांध्याच्या चकतीला पॉलिश पेपर मारायला विसरलो होतो. रंगाच्या थरालाही जाडी असते, तेवढी जागा आधी घासून करून द्यावी लागते. बाकी चौघांचे सांधे घासले होते, ते शाबूत आहेत. कातडी, सदरे, साडी, रूपं यांवर ओरखडा नाही. दाढीच्या टोकाला मोदकाचं तूप लागलं होतं, साबणाच्या ओल्या बोळ्याने निघालं.

गुडघा उघडून, घासून, अस्तर लावून पेटीत ठेवला आहे. तपकिरी काळ्याचं प्रमाण ११ मेच्या पाटीमागे लिहिलेलं सापडलं.